कुत्र्याची जात आणि कुत्र्याची अक्कल

"भावजी, तुम्ही हापिसात असता, चार बुकं वाचता. एक सांगा, सगळ्यात हुशार कुत्रं कोणत्या जातीचं?"

हा प्रश्न आमच्या मेहुण्याने विचारला तो विहाराच्या पायरीवर, रविवारची वंदना आटोपून चपला शोधताना. आम्ही कारकून माणूस. रेशनकार्डावरचे नाव कमी करण्यापासून ते जात पडताळणीच्या फायलीपर्यंत सगळे प्रश्न लोक आम्हाला विचारतात, आणि आम्ही होईल तेवढी धावपळ करतो. पण कुत्र्याच्या जातीचा दाखला आमच्याकडे कोणी मागितला नव्हता. 'जात' हा शब्द कानावर पडला की आमची मान आपोआप वळते. इथे तो शब्द कुत्र्याला लागला होता, तरी मान वळलीच.

मेहुणा कंपनीत कंत्राटी फिटर आहे. मुरूडच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्याचे दोन खोल्यांचे घर. त्याची मुलगी, म्हणजे आमची भाची, सातवीत शिकते. तिने कुत्र्यासाठी हट्ट धरला होता. अलिबागच्या एका ओळखीच्या माणसाने लॅब्राडोरचे पिल्लू 15,000 रुपयांना देऊ केले होते, आणि मेहुणा बचत गटातून कर्ज काढण्याच्या विचारात होता. वहिनी बोलत नव्हत्या. पण त्यांचा चेहराच सांगत होता की पावसाळ्यापूर्वी पत्र्याची डागडुजी करायला ठेवलेले पैसे आता कुत्र्यात जाणार. म्हणजे प्रश्न गमतीचा नव्हता. कर्जाचा होता. म्हणून आम्ही म्हणालो, "आठ दिवस दे. चौकशी करून सांगतो."

त्या आठ दिवसांत जे वाचले आणि जे पाहिले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. कारण हल्ली आपल्याही वस्त्यांतून 'जातिवंत' कुत्र्याची हौस वाढली आहे.

कुत्र्यांच्या हुशारीची जी यादी जगभर फिरते, ती कॅनडातले मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टॅन्ली कॉरेन यांची. त्यांनी 1994 साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात शंभराहून अधिक जातींचा क्रम लावला आहे. पहिला नंबर बॉर्डर कॉली, दुसरा पूडल, तिसरा जर्मन शेफर्ड, ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो. मग गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, शेटलंड शीपडॉग, आणि सातवा लॅब्राडोर. आठवा पॅपिलॉन नावाचा मांडीवर मावणारा छोटा कुत्रा, नववा रॉटवायलर, दहावा ऑस्ट्रेलियाचा गुरे हाकणारा कुत्रा. सर्वांत शेवटी अफगाण हाउंड.

पहिल्या दहांतली कुत्री नवा हुकूम पाचाहून कमी वेळा सांगून शिकतात आणि शंभरातून पंचाण्णव वेळा पहिल्या हाकेला ऐकतात, असे कॉरेन यांचे म्हणणे. तळातल्या जातींना तोच हुकूम ऐंशी-शंभर वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा सांगावा लागतो, आणि तरी चारातून एकदा ऐकले तर नशीब. पूडल हे नाव वाचून आम्हाला हसू आले होते, कारण ते फुगे कापलेले केस आपण सिनेमातल्या श्रीमंत बाईच्या कडेवर पाहिलेले. पण मुळात तो शिकाऱ्याचा कुत्रा. पाण्यात पडलेले बदक पोहत जाऊन आणणे हे त्याचे काम. केस कापायचे ते पोहताना ओझे होऊ नये म्हणून, आणि सांध्यांवर ठेवायचे ते थंडी लागू नये म्हणून. फॅशन मागून आली.

आता ही यादी बनली कशी, ते पाहू. आम्ही बी.कॉम. झालेलो आहोत. कोणताही आकडा समोर आला की तो कोणत्या व्हाउचरवरून आला हे पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. कॉरेन यांनी कुत्र्यांची परीक्षा स्वतः घेतली नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या श्वानसंघांचे जे परीक्षक आज्ञापालनाच्या स्पर्धांना गुण देतात, त्यांना त्यांनी प्रश्नावली पाठवली. 199 परीक्षकांची तपशीलवार उत्तरे आली आणि त्यावरून क्रम लागला. म्हणजे आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर हा कुत्र्यांचा गोपनीय अहवाल झाला! साहेबाने लिहिलेला. ज्याने सांगितलेले काम मुकाट्याने आणि पहिल्या हाकेला केले, त्याला 'अत्युत्कृष्ट'. ज्याने थांबून विचार केला, त्याला 'साधारण'. आमच्या कचेरीत असे अत्युत्कृष्ट बरेच आहेत. त्यांना कोणी हुशार म्हटल्याचे ऐकिवात नाही.

कॉरेन यांनी ही गोष्ट लपवलेली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांनी स्वतःच कुत्र्याच्या बुद्धीचे तीन भाग सांगितले आहेत. एक उपजत बुद्धी, म्हणजे ज्या कामासाठी ती जात तयार झाली त्या कामाची. दुसरी अनुभवातून स्वतःचे स्वतः शिकण्याची, अडचणीतून वाट काढण्याची. तिसरी माणसाचा हुकूम समजून पाळण्याची. यादी फक्त तिसऱ्या भागाची आहे. पण यादी प्रसिद्ध झाली आणि तीन भाग मागे पडले. दुकानदाराला यादीच हवी असते.

बॉर्डर कॉलीचा पहिला नंबर मात्र उगीच नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचे हे मेंढपाळांचे कुत्रे. मेंढपाळ टेकडीवर उभा राहून शीळ घालतो आणि दूरवरचा कुत्रा शिळेप्रमाणे डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, बसतो, मेंढ्या अलगद वळवतो. पिढ्यान् पिढ्या हुकूम ऐकणारेच निवडले गेले, तेव्हा हुकमाच्या परीक्षेत तेच पहिले येणार. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर या बॉर्डर कॉली कुत्रीला तीन वर्षे रोज कित्येक तास शिकवून 1,022 खेळण्यांची नावे ओळखायला लावली. 2011 साली ते छापून आले. खेळण्याचे नाव उच्चारले की ढिगातून नेमके तेच ती उचलून आणी. 1,022 नावे! आम्हाला आमच्या तालुक्यातल्या गावांची नावे इतक्या वेगाने सांगता येणार नाहीत. पण इथेही रोजचे ते तास लक्षात घ्या. मेहुण्याची पाळी सकाळी सातची असते.

याउलट शेवटचा नंबर लागलेला अफगाण हाउंड. तो नजरेने शिकार हेरून वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा. मालक मैलभर मागे राहिला तरी पुढे काय करायचे ते त्याचे त्यालाच ठरवावे लागते. हाकेची वाट पाहील तर ससा जाईल. मग तो स्पर्धेच्या मैदानात 'बस' म्हटल्यावर लगेच बसला नाही, तर त्याला मूर्ख कसे म्हणायचे? आपल्याकडचे मुधोळ हाउंड याच पठडीतले, बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचे. लातूर-नांदेडकडे त्यांनाच कारवान म्हणतात. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली, त्यांतले एक मुधोळचे. पुढे लष्करानेही या जातीची कुत्री मेरठच्या आपल्या केंद्रात शिकवायला घेतली.

फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. तेरा जातींची हजाराहून जास्त कुत्री. 2022 साली निकाल छापला. बेरजेत बेल्जियन मॅलिनॉय पुढे आला. तोच मॅलिनॉय संयमाच्या परीक्षेत मात्र मागे पडला. एका विषयात पहिला आणि दुसऱ्यात काठावर पास, असे आपल्या मुलांचेही होते की.

लॅब्राडोरकडे येऊ, कारण कर्ज त्याच्यासाठी निघणार होते. आणि लॅब्राडोरची गोष्ट सांगायची तर आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरूनच सुरुवात करावी लागते.

मुरूडहून आगरदांड्याला जाऊन खाडी ओलांडली की दिघी, पुढे दिवेआगर आणि शेखाडी. याच किनाऱ्यावर 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत रात्रीच्या अंधारात शस्त्रे आणि आर.डी.एक्स. उतरवले गेले. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत साखळी स्फोट झाले आणि 257 माणसे गेली. शेखाडी हे नाव त्यापूर्वी जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षे तिथल्या गरीब मच्छीमारांना 'शेखाडीचे का?' या प्रश्नाचा त्रास झाला, तो वेगळाच.

स्फोटांनंतर तिसऱ्या दिवशी, 15 मार्चला, मुंबईच्या धनजी स्ट्रीटवर उभी असलेली एक स्कूटर मुंबई पोलिसांच्या एका लॅब्राडोरने हुंगली. तिच्यात स्फोटके होती. कुत्र्याचे वय होते सव्वा वर्ष आणि नाव जंजीर. (आमच्या मुरूडच्या जंजिऱ्याशी याचा संबंध नाही. जंजिरा हा अरबी शब्दावरून आला, अर्थ बेट. कुत्र्याचे नाव 1973 सालच्या अमिताभच्या सिनेमावरून ठेवलेले.) जंजीरने पुढच्या नोकरीत जे शोधून दिले त्याची नोंद अशी: 3,329 किलो आर.डी.एक्स., 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसे. आम्ही आयुष्यभर आकडे लिहीत आलो, पण इतक्या जिवांचा हिशेब असलेली नोंद आमच्या वहीत कधी आली नाही. 16 नोव्हेंबर 2000 रोजी जंजीर हाडांच्या कर्करोगाने गेला. पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला.

आता हे सारे अकलेने झाले की नाकाने? दोन्हींनी. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. पण नाक सगळ्याच कुत्र्यांना असते. लॅब्राडोर निवडतात ते त्याच्या खादाडपणामुळे आणि शांत स्वभावामुळे. बिस्किटाच्या किंवा चेंडूच्या आशेने तो तासन् तास काम करतो, गर्दीत बिथरत नाही, अनोळखी माणसावर धावून जात नाही. तुर्कस्तानच्या 2023 सालच्या भूकंपात आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्युली आणि रोमिओ या दोन लॅब्राडोरांनी ढिगाऱ्याखाली जिवंत असलेली सहा वर्षांची मुलगी दाखवून दिली. आधी ज्युली भुंकली, मग खात्रीसाठी रोमिओला सोडले, तोही तिथेच भुंकला. दोन सह्यांशिवाय धनादेश वटत नाही, तसेच हे. आपल्या महाडला 24 ऑगस्ट 2020 रोजी पाच मजली इमारत कोसळली, तेव्हाही हे दल आपली श्वानपथके घेऊन आले होते.

पण ज्युली-रोमिओच्या मागे महिनोन् महिन्यांचे शिक्षण असते, ठरलेला आहार असतो, डॉक्टर असतो आणि दिवसभर त्यांच्याबरोबरच राहणारा जवान असतो. दोन खोल्यांच्या घरात दोरीला बांधलेला लॅब्राडोर तो जंजीर होत नाही. तो जाड होतो. रो-रो बोट 2020 साली सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकरांच्या गाड्या भाऊच्या धक्क्यावरून थेट मांडव्याला उतरतात आणि गाडीच्या खिडकीतून कुत्र्याचे डोके बाहेर असते. गेल्या पावसाळ्यात आम्ही किनाऱ्यावर एक पिवळा लॅब्राडोर पाहिला. गळ्यात पट्टा, अंगावर गोचिडी, मागचा पाय ओढत चाललेला. बंगल्याचे मालक गेले ते परत आलेच नव्हते. पहारेकरी म्हणाला, "सायेब, ह्याला पोळी पण भिजवून द्यावी लागते." जवळच गावठी कुत्री माशांची डोकी चघळत पडली होती. जातिवंत मात्र माणसाच्या हाताची वाट पाहत उभा होता. तो काही मूर्ख नव्हता. त्याला दुसरे काही शिकूच दिले नव्हते.

रायगड म्हटले की कोणी वाघ्याचा विषय काढील, म्हणून एवढेच सांगतो. गडावर वाघ्या कुत्र्याची समाधी म्हणून दाखवतात. राम गणेश गडकऱ्यांनी 'राजसंन्यास' नाटक त्याला अर्पण केले. मात्र महाराजांच्या काळातल्या कागदपत्रांत अशा कुत्र्याला आधार नाही, असे इतिहासकार सांगतात. मध्यंतरी तो पुतळा हटवला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि 2025 साली तो वाद परत उठला. त्यात आम्ही पडत नाही. इमान आणि अक्कल हे दोन वेगळे रकाने आहेत, इतकेच.

आता गावठी. मुरूड, कोर्लई, रेवदंडा, कुठल्याही बंदरावर पहाटे जा आणि कुत्र्यांकडे पाहा. होडी दिसण्याआधी ती उठतात, इंजिनाच्या आवाजावरून. लिलावात ती मध्ये लुडबुडत नाहीत, कारण लाथ बसते. लिलाव संपला की ठरलेल्या बाईच्या पाटीजवळ ठरलेले कुत्रे जाऊन बसते. कोण मांदेलीची डोकी टाकते आणि कोण दगड टाकते, हे त्यांना पाठ. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखालून ती जातात, पण म्हातारी राखणीला बसली असेल तर नजर वर करीत नाहीत. कॉरेनसाहेबांच्या तीन भागांतला दुसरा भाग म्हणतात तो हाच. याला कोणी परीक्षक गुण देत नाही. कारण या कुत्र्यांचे नाव यादीतच नाही. यादीत यायला जात लागते!

कोलकात्याजवळच्या 'आयसर' या केंद्रीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करीत आले आहेत. 2020 साली त्यांनी छापलेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. रस्त्यावरच्या 160 कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि अनोळखी माणसाने त्यांतल्या एकाकडे बोट दाखवले. निम्मी कुत्री घाबरून जवळ आलीच नाहीत. पण जी आली, त्यांतली सुमारे ऐंशी टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. कोणी शिकवले नव्हते. माणसाचे बोट काय सांगते हे ती माणसांत राहूनच शिकली होती. निम्मी का आली नाहीत, हेही समजण्यासारखे आहे. आजवर आपल्याकडे वळलेला हात दगडासाठीच वळला असेल, तर बोटावर विश्वास कोण ठेवील?

आठवडाभर आम्ही वाचीत होतो, तेवढ्यात भाचीने आपला वेगळाच उद्योग केला. कॉरेन यांच्या पुस्तकात घरच्या घरी करण्याच्या काही परीक्षा आहेत. त्यांतली एक आम्ही तिला सांगितली होती. कुत्र्याच्या डोक्यावर टॉवेल टाकायचा आणि तो किती वेळात स्वतःला सोडवून घेतो ते मोजायचे. पंधरा सेकंदांच्या आत सुटला तर पूर्ण गुण. भाचीने वडिलांचा टॉवेल घेतला, मैत्रिणीला घड्याळ धरायला लावले आणि वस्तीतल्या सात कुत्र्यांची परीक्षा घेतली. (ही कुत्री रोज तिच्या हातचे खाणारी. अनोळखी कुत्र्यावर टॉवेल टाकण्याचे धाडस कोणी करू नये.) वहीत रकाने आखले. रकाने आखण्याचे वळण आमच्याकडून गेले असावे. पहिला चार सेकंदांत सुटला. दुसरा सहा. विहारामागच्या म्हाताऱ्या कुत्रीने टॉवेल अंगावर घेऊन झोपच काढली. त्या कुत्रीला शून्य द्यायचे की थंडीत पांघरूण मिळाल्याचे ओळखले म्हणून पूर्ण गुण द्यायचे, यावर दोघींचे भांडण झाले. पाचवे कुत्रे टॉवेल तोंडात धरून बंदराकडे पळाले, ते दिसलेच नाही. शेरा: 'हुशार. टॉवेल गेला.'

मेहुण्याने टॉवेलाबद्दल विचारले तेव्हा वही पुढे झाली. तो वाचता वाचता हसू लागला, आणि पिल्लाचा विषय त्या संध्याकाळी पुन्हा निघाला. या वेळी वहिनीही बोलल्या.

आम्ही तेव्हा अमेरिकेतला एक अभ्यास त्यांना समजावून सांगितला. 2022 साली तो छापला गेला. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले आणि दोन हजारांवर कुत्र्यांची गुणसूत्रे तपासली. कुत्र्याकुत्र्यांत वागणुकीचा जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असे निघाले. हुकूम ऐकण्याचा कल त्यातल्या त्यात रक्तातून येतो. बाकी ज्याचा त्याचा स्वभाव, आणि वाढवणूक. आणि या जाती काही फार पुरातन आहेत असेही नाही. आज दिसणाऱ्या बहुतेक जाती गेल्या दीड-दोनशे वर्षांत, विशेषतः इंग्लंडात, माणसाने निवडून निवडून जुळवल्या. इंग्लंडचा केनेल क्लब 1873 सालचा.

"म्हणजे कुत्र्यातही जात खोटीच म्हणा की," मेहुणा म्हणाला.

आम्ही म्हणालो, तसे नाही. कुत्र्यात जात आहे. माणसाने ती मुद्दाम केली, आणि लांब नाक, आखूड पाय, दाट केस हे तिच्यामुळेच. माणसात तसे काहीच नाही. जातीमुळे रक्त शुद्ध राहते, वंश सुधारतो असे म्हणणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी 1936 सालीच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये घेतला आहे. कुत्र्यात जी गोष्ट माणसाने मुद्दाम केली, तिच्यातूनही अकलेचा दहावा हिस्सा नीट सांगता येत नाही. मग माणसाच्या बाबतीत जन्मावरून अक्कल सांगणाऱ्यांनी कोणता अभ्यास केला होता?

आमची आजी सांगत असे. तिच्या लहानपणी त्यांच्या वाडीतले काळे कुत्रे वरच्या आळीतल्या विहिरीच्या दोणीत तोंड घालून पाणी पिऊन येई. आजीला मात्र कळशी घेऊन खाली ओढ्याला जावे लागे. कुत्र्याला कोणी विचारले नाही, तू कोणाच्या घरचा. ते कुत्रे पाणी पिऊन ओल्या तोंडाने आजीच्या पायाशी येऊन बसे. आजी हे सांगताना हसायची, आम्हाला लहानपणी त्यात हसण्यासारखे काय ते कळायचे नाही. महाडला चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी जे घडले, त्याआधी तिथेही गुराढोरांना आणि कुत्र्यामांजरांना पाणी खुले होते. त्याच वर्षी 25 डिसेंबरला जी मनुस्मृती महाडात जाळली, तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे सांगितले आहे. धन म्हणून कुत्री आमच्या वाट्याला दिली, आणि पाणी कुत्र्याच्या वाट्याला.

भिंतीवरच्या फोटोकडे भाची पाहत होती. फेब्रुवारी 1934 मधला, राजगृहातला तो फोटो बहुतेक वाचकांच्या घरी असेल: बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी. भाची म्हणाली, "आत्याबा, सगळ्यांची नावं लिहिली आहेत. टॉबीचं पण. जात नाही लिहिली."

पत्र्याचे पैसे वाचले.

आता कोणी म्हणेल, गावठी पिल्लू घ्या म्हणता, पण रेबीजचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि तो जातिवंत कुत्र्यालाही तितकाच लागू आहे. आम्ही चौथीत होतो. आमच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाला पिसाळलेले पिल्लू चावले. पिल्लू लहान, जखम लहान. घरच्यांनी त्याला भगताकडे नेले. भगताने जखमेत मिरची भरली, दोरा बांधला आणि एक कोंबडा घेतला. महिना-दीड महिन्याने तो पाण्याचा पेला पाहून किंचाळू लागला. चार दिवसांत गेला. बाकावर त्याने पट्टीने कोरलेले नाव वर्षभर आमच्या शेजारी होते. म्हणून हे नीट वाचा आणि जपून ठेवा.

कुत्रे चावले वा नुसते ओरखडले, तरी जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून पंधरा. चुना, मिरची, हळद, झाडपाला काही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता सोडा, ती पद्धत केव्हाच गेली. हल्ली कातडीत घेतात ती लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि दंडात घेतात तिला चौदाव्या दिवसाचा आणखी एक डोस असतो. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेतच टोचायचे वेगळे औषध असते, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. एकही तारीख चुकवू नका. रोगाची लक्षणे दिसू लागली की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही.

पिल्लू पाळणार असाल तर ते दोन महिन्यांचे होईपर्यंत आईजवळ राहू द्या. दीड-दोन महिन्यांपासून त्याच्या इतर लशी सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मादी नको म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांना मादीचे वावडे फक्त कुत्र्यातच असते असे नाही. शस्त्रक्रिया करून घेतली की पिलांचा प्रश्न उरत नाही. आणि हस्की किंवा सेंट बर्नार्ड अशी बर्फातली कुत्री आपल्या दमट हवेत कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. ती बिचारी उन्हाळाभर धापा टाकीत राहतात.

शिकवायला फार काही लागत नाही. एकच शब्द, एकच आवाज. घरातल्या एकाने 'बस' आणि दुसऱ्याने 'खाली बस' म्हणू नये. बसले की त्याच क्षणी तुकडा द्यायचा. दोन मिनिटांनी दिलेल्या तुकड्याचा अर्थ त्याला लागत नाही. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. आपल्याकडे तुकड्याला तोटा नाही. जवळा आहे, सुकट आहे. मात्र ती बिनमिठाची हवी, खारवलेली कुत्र्याला सोसत नाही. मारू नका. मारल्याने कुत्रे फक्त मारणाऱ्याची चाहूल ओळखायला शिकते.

मेहुण्याकडे आता बंदरावरचेच एक पिल्लू आहे. मादी. रंग सोनेरी, म्हणून भाचीने नाव ठेवले मांदेली. पहिली लस झाली आहे, दुसरी पुढच्या मंगळवारी. 'बस' हा शब्द शिकायला तिला अठरा वेळा सांगावे लागले. भाचीच्या वहीत अठरा रेघा आहेत, पाचापाचांच्या जुड्या करून. कॉरेनसाहेबांच्या तक्त्यात पंधरा ते पंचवीस म्हणजे वरून तिसरा गट. वहीत तशी नोंद आहे, आणि खाली शेरा: 'सुकट हातात नसेल तर बसत नाही. हे तिला तीनच वेळात कळले.'